पूर्ण आकाराचे पिस्तूल आणि लोकरी कोट

वेंडेल ऑर्विल स्टबलफील्ड, वय वर्षे एकाहत्तर. धान्यकोठारातील वजनकाट्यावरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांना कोणीही कोणत्याही कामासाठी बोलावले नव्हते. त्यामुळे ओक्लाहोमातील त्यांच्या गावच्या चर्चने सुरक्षापथकासाठी त्यांची निवड केली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा दाढी केली. काम सोपे होते. रविवारच्या प्रार्थनेला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचे आणि कोणी माथेफिरू बंदूक घेऊन घुसलाच तर, म्हणून कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचे. अट एकच, ती पथकप्रमुख डेल्बर्ट यांनी दोनदा ऐकवली.

"ब्रदर वेंडेल, बायको सोडली तर कुणाला कळता कामा नये. कळलं की जागा गेली."

उरला प्रश्न आकाराचा. दुकानदाराने दोन पिस्तुले पुढे ठेवली. एक पूर्ण आकाराचे, एक आखूड. वेंडेल यांनी या विषयावरील मासिकाचे अकरा अंक पेन्सिलीने खुणा करीत वाचलेले होते (पिस्तूल मात्र वीस वर्षांत झाडलेले नव्हते). त्यांनी आखूड पिस्तूल मुठीत धरले. करंगळीला जागाच उरेना. बिचारी अधांतरी लोंबू लागली.

"करंगळी बाहेर काढून चहा पितात," ते म्हणाले, "पिस्तूल धरत नाहीत."

"पण ते लपवायचंय ना?" पत्नी नेल्डा म्हणाली. "तुला स्वतःचं पोट लपवता येत नाही. हे धूड कुठे कोंबणार?"

"माझं ठरलंय."

शनिवारी आरशासमोर दिसून आले, की शर्टाखाली कोणी हातोडा विसरून गेला असावा, असा तो उंचवटा दिसतो. वेंडेल डगमगले नाहीत. त्यांनी पेटीतून गुडघ्यापर्यंत येणारा लोकरी कोट काढला. महिना ऑगस्टचा होता आणि रस्त्यावरचे डांबर बुटांना चिकटत होते.

चर्चच्या दारातच, कोणत्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची त्याची यादी सांभाळणाऱ्या ओपलबाईंनी त्यांना अडवले.

"थंडी वाजतेय का हो, ब्रदर वेंडेल?"

"थोडीशी." (पायरीवर बोललेले असत्य आत बोलल्यात धरले जात नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.)

ओपलबाईंनी त्यांच्या हनुवटीवरून टपटपणारा घाम निरखला. "थंडीही आणि घामही. आमच्या यजमानांचं अगदी असंच सुरू झालं होतं. गेले ते त्यात."

मंगळवारपर्यंत आजाऱ्यासाठी म्हणून घरी कोंबडी आणि नूडल्सची नऊ काचेची भांडी पोहोचली, प्रत्येकाच्या बुडाशी मालकिणीच्या नावाची चिठ्ठी.

"खरं सांगून टाक," नेल्डा म्हणाली. "नाहीतर ते छोटं घेऊन ये."

"एकदा ठरलं ते ठरलं. वाढ."

दुसऱ्या रविवारीही कोट गेला. तिसऱ्या रविवारी पाद्रीसाहेबांनी आजाऱ्याला पुढे बोलावले, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे सारी मंडळी भोवती जमून त्यांच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करू लागली. खांद्यांवर जागा उरली नाही, तेव्हा ओपलबाईंचा हात कमरेशी आला आणि तिथेच थबकला.

"पाद्रीसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "इथे गाठ आहे. दगडासारखी कडक."

"केवढी?"

"वीतभर."

प्रार्थना पाऊण तास लांबली. दोन स्त्रिया रडल्या. वेंडेल ओठ घट्ट मिटून उभे होते. आपण अट तंतोतंत पाळत आहोत, हा एकच विचार त्यांना ताठ ठेवीत होता.

बाहेर डेल्बर्ट यांनी त्यांना मोटारीआड ओढले.

"कुणालाही कळलं नाही," वेंडेल म्हणाले.

"नाही कळलं, हेच तर झालंय. आज सगळं गाव म्हणतंय, तुम्ही चार दिवसांचे सोबती. असल्या माणसाला मी दारावर बसवू? खरं सांगितलं तर पथक उघडं पडतं. ब्रदर, जागा सोडा. आणि आता हे गुपित ठाऊक असलेलं दुसरं कोण आहे, तेवढं सांगा."

मोटारीत बसलेल्या नेल्डाने काच खाली केली.

पुढल्या रविवारी वेंडेल कोटाशिवाय आले. ओपलबाईंनी त्यांची कंबर चाचपली, गाठ नाहीशी झाल्याचे जाहीर केले आणि सारे चर्च उभे राहिले. तेव्हापासून शेवटच्या बाकावर आखूड पिस्तूल घेऊन नेल्डा बसते. आणि वेंडेल दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, नव्या आजाऱ्यांना धीर यावा म्हणून, आपण कसे बरे झालो ते उभे राहून सांगतात.