टूंच्या खालचा शब्द

गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात गुलाबचंद काकाजींच्या खुर्चीला सायकलची घंटी आहे. सायकलला नव्हे, खुर्चीला. लोखंडी पाइपची, नायलॉनच्या पट्ट्यांची जुनी खुर्ची, आणि तिच्या उजव्या हातावर क्लॅम्पनं आवळून बसवलेली घंटी. ती मीच बसवून दिली. माझं सायकलचं दुकान त्यांच्या घरासमोर आहे, त्यामुळं पुढं जे काही झालं त्यात थोडं पाप माझंही आहे.

घंटी कशाला, तर रेडिओसाठी. संध्याकाळ झाली की काकाजी ओट्यावर खुर्ची टाकत, खिडकीत रेडिओ ठेवत आणि गोंदियाच्या आपल्या छोट्याशा रेडिओ केंद्रावरची फर्माइशी गाणी लावत. आवाज असा की गल्लीत दुसऱ्या कोणाला रेडिओ घ्यायची गरज नव्हती. आता आजकालची गाणी कशी असतात हे मी तुम्हाला काय सांगू. मध्येच एखादा शब्द असा येतो की सासऱ्यासमोर बसलेला जावई पायाचा अंगठा पाहायला लागतो. तो शब्द आला की काकाजी घंटी दाबत. ट्रिंग! शब्द गायब, गाणं पुढं चालू.

त्यांचा नेम कधी चुकत नसे. घंटी बरोबर शब्दावर पडायची म्हणजे तो शब्द कुठं येतो हे पाठ पाहिजे, आणि पाठ व्हायचं म्हणजे गाणं पुन्हा पुन्हा ऐकायला पाहिजे. मी एकदा म्हटलंही, "काकाजी, तुमच्याइतकी घाण गाणी या गल्लीत कोणालेच पाठ नाहीत."

ते भडकले. "अबे, साप मारनाऱ्याले बिळं मालूमच असा लागतेत!"

पण या घंटीनं झालं भलतंच. पोरांना आधी त्या शब्दांचा पत्ताही नव्हता. घंटीनं त्यांना नेमकं बोट दाखवून दिलं. थोड्याच दिवसांत पोरांनी ‘ट्रिंग’ हीच शिवी करून टाकली. माझी पोरगी एकदा शाळेतून तणतणत आली आणि म्हणाली, "बाबा, तो एक नंबरचा ट्रिंग आहे!" मी कान पकडायला हात पुढं केला, पण कशासाठी पकडायचा तेच कळेना.

काकाजींचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घरात बायामानसं राहतेत भाऊ!" ऑटोवाल्यानं गाणं लावलं की हे वाक्य. वरातीतल्या डीजेला हे वाक्य. रेडिओ केंद्राला फोन करून तर रोज हेच वाक्य. आता खरं सांगायचं तर काकाजींच्या घरात बाईमाणूस कोणी उरलेलंच नव्हतं. काकी जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं, मुलगा-सून हैदराबादला. घरात काकाजी आणि रेडिओ. पण हे त्यांना कोण सांगणार?

नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात केली, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं यातच जन्म गेला. मला वाटतं, अडवायची सवय तिथलीच. तशात रिटायर झाल्यावर माणसाला साहेब म्हणणारेही कमी होतात. गल्लीला ते काकाजी. नावानं हाक मारेल असं माणूस आता त्यांच्या जगात राहिलंच नव्हतं.

एक दिवस फोनवर भागेना म्हणून ते मला घेऊन थेट रेडिओ केंद्रातच पोहोचले. तिथं रुचिता नावाची मुलगी सगळं पाहते. गोंदिया शहरातली पोरगी, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दोन्ही तोंडावर.

"काकाजी, ज्यानं गाणं लिहिलं त्यानं सोचसमझके लिहिलं ना? आपण कोण काटनेवाले?"

"आईजवळ बसून आयकून पाहा, मंग मालूम पडन कोन ते."

"मेरी मम्मी? मम्मी तर स्कूटी चालवताना त्याच्यापेक्षा मोठ्या देते."

काकाजींनी कानाला हात लावला. पण चिकाटी अशी की पुढं महिनाभर त्यांनी त्या पोरीला रोज फोन केला. शेवटी ती कंटाळली. म्हणाली, ठीक आहे, शिवी आली की आम्हीच वर ‘टूं’ वाजवतो. त्या दिवशी काकाजींनी गल्लीत पेढे वाटले. घंटीचं काम संपलं.

आता काकींबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

काकी आमगावकडच्या. तिकडं आमच्या पवार समाजाच्या लग्नात पाहुण्यांची पंगत बसली की पोरीकडच्या बाया गाण्यातून व्याह्यांना शिव्या घालतात. त्याला गारी म्हणतात. नवऱ्याच्या बापापासून मामापर्यंत कोणाला सोडत नाहीत, आणि ज्याला शिवी मिळाली नाही तो रुसतो, "माले काऊन सोडलं जी? मी का परका होय?" अशा गारी गाण्यात काकींचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. उभ्या उभ्या गाणं जुळवायच्या. समोरचा हसता हसता भात नाकात घालायचा.

कुडव्यात मात्र काकाजींनी त्यांना गाऊ दिलं नाही. "आपन साहेब लोकांत राहतो," म्हणायचे. काकीही हट्टी, भांडल्या नाहीत, पण इथं नुसती ओळसुद्धा गुणगुणल्या नाहीत. माहेरी गेल्या की मात्र सगळी कसर भरून काढायच्या.

दुसरी गोष्ट म्हणजे इतक्या बिनधास्त तोंडाची ही बाई नवऱ्याचं नाव काही घ्यायची नाही. नाव गुलाबचंद, म्हणून ‘गुलाब’ हा शब्दच घरातून हद्दपार. गुलाबजामला त्या ‘पाकातले गोल’ म्हणायच्या. गुलाबी साडी घ्यायला गेल्या तर दुकानदाराला ‘फिकट लाल’ सांगायच्या आणि भलताच रंग घेऊन यायच्या. हळदीकुंकवात माझ्या बायकोनं एकदा उखाण्यासाठी दार अडवलं, तर "पोराच्या बापाचं नाव घेतलं, झालं!" म्हणून काकी वाण तिथंच टाकून घरी. माझी बायको म्हणे, "व्याह्यांना एवढ्या देता, मग हे एक नाव तोंडातून का नाही येत हो?" काकी म्हणाल्या, "शिवी देनं सोपं आहे माय."

काकी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात काकाजींच्या भाच्याचं लग्न झालं. पोरगी काकींच्या माहेरचीच. म्हणजे काकाजी नवऱ्याचे मामा आणि काकी नवरीची आत्या. काकींनी लगेच जाहीर केलं, "मी पोरीकडून!" पंगत बसली, बाया सरसावल्या. रुचिता त्याच दिवशी मशीन घेऊन लग्नाची गाणी भरून घ्यायला तिथं आली होती. आणि काकाजी? गारी सुरू होताच पंगतीतून उठले. ऑफिसातले दोन साहेब त्यांच्यासोबत जेवत होते, त्यांच्यासमोर बायको काय काय म्हणेल या धाकानं त्या दोघांना घेऊन पानठेल्यावर गेले. तिथं एक पान त्यांनी इतका वेळ चघळलं की पंगत उठली. मी त्या लग्नाला नव्हतो, हे काकाजींनीच परतल्यावर सांगितलं.

पुढच्या थंडीत काकी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं.

यंदा रेडिओ केंद्रानं गुरुवारी संध्याकाळी लग्नाच्या गाण्यांचा नवा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच गुरुवारी मी दुकानात एका वाकड्या चाकाचा आऊट काढत, स्पोक आवळत बसलो होतो, आणि समोरच्या खिडकीतून काकींचा आवाज आला. मी चाक सोडून दिलं. माझी बायको लाटणं हातात घेऊन दारात आली. ओट्यावर काकाजी खुर्चीतून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले होते.

"साहेब आला मामा, इस्त्रीचा कुर्ता,
पंगतीतून उठला, पानाच्या करता,
भात थंडा होऊन राहिला, कुठं गेला रे..."

टूं!

आणि त्या टूंच्या मागं बायांच्या हसण्याचा असा कल्लोळ की रेडिओ फुटेल असं वाटलं.

काकाजी दुकानात आले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "माले म्हटलं न तिनं ते? मामा म्हनजे मीच न?"

"तुमीच. दुसरं कोण पान खाले गेलतं?"

"काय म्हटलं असन?"

दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर बसवून केंद्रात नेलं. रुचिता बिचारी घाबरली. म्हणाली, "काकाजी, ओरिजिनल नाही राहिलं. टूं लावून सेव्ह केलं आणि कार्ड दुसऱ्या रेकॉर्डिंगला वापरलं."

"पन शब्द कोनता होता?"

"मला पवारी बोली कुठं येते? बायांच्या गलक्यात शब्द समजलाच नाही. पण बाया इतक्या जोरात हासल्या की मला वाटलं, लईच गंदा असणार. आणि तुम्हीच तर रोज फोन करत होते ना."

जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

त्यानंतर त्यांनी माझं डोकं खाल्लं. जन्मभर ज्यांनी शिवी ऐकली तरी कानाला हात लावला, ते माझ्या दुकानात बसून शिव्यांची बाराखडी घोकायला लागले. पूर्ण शब्द तोंडून निघेना, म्हणून नुसतं पहिलं अक्षर.

"‘भ’ची असन का रे?"

"असू शकते काकाजी."

"का ‘च’ची? नाही, ‘च’ची माहेरी नाही म्हननार तुयी काकी. भाऊ होता समोर." मग पुन्हा, "‘ह’ची एक राहते, मालूम आहे तुले?"

गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं तर घाबरून दुसऱ्या दुकानात जायचं. शेवटी मीच म्हटलं, "एवढं काय करता जी? कोणती का असंना, शिवीच न?"

"तुले नाही समजत," ते म्हणाले. "मायासाठी म्हनलेला शब्द आहे तो. तिचा. माले पाहिजे. कितीबी घान असू दे."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

काकींची भावजय सेवंताबाई लग्नाच्या दिवशी गारी गाणाऱ्या बायांच्या घोळक्यात होती. आम्ही आमगावकडं पोहोचलो तेव्हा ती अंगणात धान पाखडत होती. काकाजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही, सरळ विचारलं. सेवंताबाई सूप खाली ठेवून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"तुमच्या तोंडावर कशी म्हनू जिजाजी?"

"म्हना जी. हात जोडतो. किती खराब शिवी होती ते होऊन जाऊ द्या एकडाव."

सेवंताबाईचं हसणं थांबलं. ती त्यांच्याकडं पाहतच राहिली. "शिवी? शिवी कायची जी? गारीत शिव्या तर कायमच्याच, शिवीले बाया इतक्या हासतेत का? तिनं नाव घेतलं तुमचं."

"नाव?"

"‘कुठं गेला रे गुलाब्या’ म्हनली. चारचौघात, मोठ्यानं. चुलीजवळची बाई झारा टाकून पाहाले आली नं. आमी सोडतो का मंग तिले? मंग तेच लाजली अन् पदरात तोंड घालून बसली. म्हने, आयकलं का वं त्याईनं? म्या म्हटलं, नाही माय, ते पानठेल्यावर आहेत."

काकाजी बाजेवर बसले. मग त्यांनी पाणी मागितलं.

परतताना ते स्कूटरवर मागं बसले होते. गाव मागं पडलं, धानाची शेतं मागं पडली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सारी जिंदगी गेली, तवा कुठं एकडाव म्हनली. अन् मी पान खाऊन राहिलो होतो." थोड्या वेळानं म्हणाले, "अन् टूं बी मीच लावाले लावला."

मी गाडी हळू केली.

रुचिताला कळलं तेव्हा ती घरी येऊन रडली. म्हणाली, "काकाजी, ते गाणं आम्ही पुन्हा नाही वाजवणार." काकाजी दचकले. "काऊन? वाजव बेटा. दर गुरुवारी वाजव. टूं राहू दे, माले आयकू येते आता."

म्हणून आता गुरुवारची संध्याकाळ आली की ओट्यावर खुर्ची पडते. इस्त्रीचा कुर्ता असतो. घंटी तशीच आहे खुर्चीला, पण तिच्यावर बोट नसतं. मी दुकानात हातातलं काम थांबवतो. गल्लीतली पोरंही त्या वेळी खेळ थांबवतात, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. रेडिओतून काकी विचारतात, भात थंडा होऊन राहिला, कुठं गेला रे...

टूं.

"ओ," काकाजी म्हणतात. "इथीच आहो मी."