सायलेन्सरपाशी आप्पा

थंडीच्या दिवसांत आमच्या कॉलनीत कुणी गाडी चालू केली, की तिच्या मागच्या बाजूला आप्पा सूर्यवंशी हजर. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि गुडघ्यांवर हात टेकून सायलेन्सरपाशी वाकलेले. आधी धूर बघतात. मग आरती घेतल्यासारखा हात फिरवून वास घेतात. शेवटी तळवा धुरासमोर धरतात. तळव्यावर ओल जमली, की तो पँटला पुसून निकाल देतात, "पाणी हाय. जावा."

आप्पांची नोकरी डेअरीत दूध तपासण्यात गेली. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती आणि चालवताही येत नाही. पण थंडीतल्या पांढऱ्या धुराबद्दल त्यांना थांबवणं अवघड. पेट्रोल जळताना वाफ होते, ती गार नळीत पाणी होऊन बसते, नळी तापली की उडून जाते. असा पातळ धूर थोड्या वेळात विरतो, त्याची काळजी न्हाय. पण इंजिन तापलं तरी धूर दाट येतोय, वास गोडसर आहे, रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय, तर गाडी हलवायची न्हाय. मग ते बॉनेट उघडायला लावतात. ऑइलच्या झाकणाला आतून थंडीत पांढरट थर धरतो, ती त्यांच्या भाषेत साय. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइलच दुधाळ झालं असेल, तर तो चहा. "साय चालती, चहा चालत न्हाय," हे वाक्य आमच्या कॉलनीत लहान मुलांनाही पाठ आहे.

मागे समोरच्या जाधवांकडे हुपरीहून पाहुणे मुलगी बघायला आले होते. बघण्याचं झालं, पाहुणे निघाले, गाडीनं भसकन पांढरा धूर सोडला. आप्पांनी हात आडवा केला. "पावणं, गाडी बंद करू नका आणि फुडंबी न्हिऊ नका." इंजिन तापेपर्यंत मंडळी खोळंबली. जाधववहिनींनी पुन्हा चहा टाकला, तो घेऊन मुलगी पुन्हा बाहेर आली, आणि घरात खाली मान घालून बसलेली ती दोघं, मुलगा आणि मुलगी, अंगणात बऱ्यापैकी बोलली. धूर पाण्याचाच निघाला. लग्न जमलं. जाधव अजून सांगतात, ते जमवलं सायलेन्सरनं.

मी हातकणंगल्याच्या एका शाळेत शिकवते. माझी गाडी जुनी, त्यामुळे आप्पांचा मुक्काम माझ्या दारात जास्त. यंदा एका सकाळी धूर काही थांबेना. आप्पांनी दोनदा वास घेतला. बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक काढली आणि माझ्यासमोर धरली. ऑइल खरंच चहासारखं दिसत होतं.

"बाई, आज एसटीनं जावा."

मी एसटीनं गेले. संध्याकाळी मेकॅनिकनं सांगितलं, इंजिनातलं पाणी ऑइलपासून वेगळं ठेवणारं हेड गॅसकेट गेलं होतं; तशीच हातकणंगल्यापर्यंत नेली असती तर इंजिनच बसलं असतं. हे सांगायला मी आप्पांच्या घरी गेले. सूर्यवंशीकाकू वारल्यापासून त्या घरात माझं पाऊल पडलं नव्हतं. घर नीटनेटकं होतं. ओट्यावर एकच ताट उपडं घातलेलं होतं.

आप्पा नुसतं "बरं झालं" म्हणाले. मला वाटलं होतं, खूश होतील. मी विचारलं, गाडी नाही, चालवता येत नाही, मग हे सगळं शिकलात कुठं?

"आमच्या प्रवीणसाठनं," ते म्हणाले.

प्रवीण त्यांचा एकुलता एक, कॅनडात असतो. त्याचा फोन आला की घ्यायच्या त्या काकू. आप्पा लांब बसून, जेवला का विचार, कधी येणार विचार, एवढंच सांगायचे. काकू गेल्यावर बापलेक समोरासमोर आले आणि बोलायचं काय ते दोघांनाही कळेना. थंडी हाय? हाय. मग गप्प. मग फोन ठेवायचा.

त्या हिवाळ्यात प्रवीणनं तिथं जुनी गाडी घेतली. एकदा घाबराघुबरा फोन आला, की गाडीतून पांढरा धूर निघतोय. आप्पांना काय ठाऊक असणार? ते कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जाऊन बसले, सगळं विचारून घेतलं आणि उलट फोन करून सांगितलं, की पाणी हाय. खरंच पाणीच होतं.

तेव्हापासून तो रोज कामावर निघताना व्हिडिओ कॉल करायचा. तिथं सकाळ, इथं दिवे लागायची वेळ. फोन सायलेन्सरपुढं धरायचा. आप्पा म्हणायचे, झाकण दाखव, डिपस्टिक दाखव. गाडी तापेपर्यंत बर्फात उभा राहून बोलायचा. आमटीला आईसारखी चव का येत नाही, हे विचारायचा. एकदा आईची आठवण काढून रडलाही.

"मग?" मी विचारलं.

"मग पगार वाढला. विजेवरची गाडी घेतली. चांगली हाय." आप्पांनी कोरडाच तळवा पँटला पुसला. "तिला धूरच न्हाय."

मी म्हटलं, माझ्या गाडीचं सांगा की त्याला, आत्ता निघतच असेल. त्याचं काम असतंय, असं म्हणत त्यांनी फोन लावला. पडद्यावर प्रवीण दिसला, मफलर गुंडाळलेला. "आप्पा, काय झालं? बरं हाय न्हवं?" त्यांनी ऑइलचं सांगितलं. त्यानं वासाचं विचारलं, पाण्याचं विचारलं. आप्पा सरसावून बसले, सगळं सांगत राहिले. मग सांगायचं संपलं. दोघंही पडद्याकडे बघत बसले.

"तितं कोण हाय?" प्रवीणनं विचारलं.

"शेजारच्या बाई," म्हणत आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत गेले.

तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आप्पा वेळेवर जेवत्यात का? मला सांगत न्हाईत."

मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाई, कधी येणार इचारा की त्याला."

प्रवीणला ते ऐकू गेलं होतं. तरी मी विचारलं. त्यानं मफलर सारखा केला. मग म्हणाला, "फुडच्या वर्षी बघतो, म्हणावं."

आप्पा दारात येऊन उभे होते. त्यांनाही ऐकू आलंच होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले, मी सांगेपर्यंत.