बाहुल्या बोलल्या त्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न. वाणी देणारी देवी एक आणि वाणी बंद करणारे सरकार दुसरे. पैकी देवीस मनोभावे व सरकारास रिवाजाप्रमाणे मुजरा करून लिहिणार लिहितो ऐसे जे, शके अठराशे दहा, सर्वधारी नाम संवत्सरी, चहूंकडे डोंगर आणि मध्ये वाटीसारखा मुलूख ऐसे एक राज्य होते. राज्य म्हणावे तर राजा नव्हता. तो शेजारच्या बादशहाने पूर्वीच एका लढाईत बुडविला होता, आणि मग मुलुखावर सुभेदार बसविला होता, आणि सुभेदाराने कचेरीत, शाळेत, बाजारात दरबारी बोली चालू केली होती. मुलुखाचे नाव घेण्याची देखील बंदी. कोणी विचारिले तर 'बादशाही प्रजा' इतकेच सांगावे. बखरकारास नाव ठाऊक आहे, परंतु जुनी सवय, कलमाबाहेर पडत नाही. घरची बोली राहिली ती गुरांशी, तान्ह्या लेकरांशी आणि बाहुल्यांच्या खेळात. खेळात कां, तर त्या मुलुखी कळसूत्री बाहुल्यांचा नाद बहुत जुना, आणि मागील सुभेदार म्हणत असत की, लाकूड काय बोलते हे ऐकण्यास सरकारास फुरसत नाही. तेणेंकरून जे माणसांस बोलण्याची चोरी ते बाहुल्या राजरोस बोलत, आणि लोक जवाचे मद्य पुढे घेऊन मुकाट ऐकत.

त्या समयी दोरोताबाई म्हणून एक खेळकरीण राजधानीत होती. खेळ तिच्या बापाचा, त्याच्या बापाचा. बाई एकटी पडद्यामागे उभी राहून राजा, राक्षस, राजकन्या, विदूषक सर्वांचे आवाज आपणच काढी, आणि लोकांनी ते खेळ पाळण्यात असल्यापासून ऐकिलेले, सबब मुलुखात ज्यास ते पाठ नाहीत ऐसा माणूस मिळणे कठीण. मग नवा सुभेदार आला. तो हुशार. हुशार माणसापासून राज्यास नेहमीच उपद्रव. त्याने बादशहाच्या नावाने हुकूम फर्माविला की, येत्या जत्रेपासून बाहुल्यांनी देखील दरबारी बोलीतच बोलावे. न बोलतील तर बाहुल्या सरकारजमा होतील. दोरोताबाईंनी हुकूम ऐकिला आणि विदूषकाची टोपी शिवीत बसल्या, आणि कोणी विचारिले, आता कसे, तर म्हणत, "माझ्या राजाला ती भाषा येत नाही. मीही त्याला शिकवायची नाही."

याच दिवसांत वेशीवर एक नवल जाहले. पश्चिमेकडील मोठ्या शहरातून आर्मां नामे चितारी पायी आला. अंगरख्यास रंगाचे डाग, दाढीस कंगवा ठाऊक नाही. पहारेकऱ्याने पुसले, "कोण लोक?" आणि त्याने सर्वांदेखत या मुलुखाचे बंदीचे नाव घेऊन ठणकावून सांगितले की, मी त्या मुलुखाचा! पहारेकऱ्याच्या हातून भाला पडला. लोक धावले, त्यांनी आर्मांस खांद्यावर घेतला, गुत्त्यात नेऊन कणकेचे उकडलेले उंडे आणि डुकराचे मांस वाढिले आणि म्हणों लागले, काय हा धीराचा पुरुष! आर्मां मनात म्हणे, काय हे मोकळे लोक! ऐसे उभयपक्षी समाधान दुपारपर्यंत टिकले. मग दोरोताबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या, आणि मोडक्यातोडक्या दरबारी बोलीत त्यांचे भाषण जाहले ते असे:

"काय हो चितारीबुवा, आमचं नाव तुम्ही वेशीवर एवढ्या मोठ्यानं घेतलंत. वाडवडील इथले का तुमचे?"

"छे हो बाई. आमच्या शहरात जो दुपारी उठतो, कुणाचं ऐकत नाही आणि घरमालक दारात आला की खिडकीतून उतरून जातो, त्याला तुमच्या मुलुखाचा माणूस म्हणतात. मी कितीदा उतरलोय. अगदी अस्सल आहे मी."

हे कोणी घरच्या बोलीत फिरवून सांगितले, आणि गुत्त्यात सर्वांचे पेले जागच्या जागी राहिले. वास्तविक त्या मुलुखाचे लोक कोंबड्याबरोबर उठणारे, वेळेवर जेवणारे, दारास कडी लावून निजणारे. पूर्वी कधी कोणी भटके लोक पश्चिमेस गेले, त्यांनी वाटेत लागलेल्या मुलुखाचे नाव सांगितले, आणि शहरकरांनी त्यावरून तर्क बांधला की, त्या मुलुखाचे सगळेच लोक ऐसे भटके. कोणाचे नाव कोणाच्या कपाळी!

"म्हणजे आमचं नाव आम्हांला घ्यायची बंदी," बाई म्हणाल्या, "आणि तुमच्याकडं ते खिडकीतून उड्या मारणाऱ्यांना वाटून टाकलंत?"

"बाई, शिवी नाही ती. मोकळ्या माणसाचं नाव आहे. वाटलं तर राहावं, नाही वाटलं तर उठून निघावं. यालाच स्वातंत्र्य म्हणतात."

"निघून जायला काय लागतं? पाय लागतात. मला माझ्याच घरात राहून मोठ्यानं बोलायचंय. त्याला काय म्हणतात तुमच्या शहरात?"

आर्मां उंडे खात राहिला, आणि जत्रा पाहून जाऊं म्हणून मुक्कामास राहिला.

मग जत्रेचा दिवस उगवला. ऊन स्वच्छ पडले होते. चौकात खेळाचा मंच उभा राहिला, लोक दाटले, आणि सुभेदार खासा शिपायांनिशी पुढे येऊन खुर्चीवर बसला. पडदा वर गेला. राजा आला, विदूषक आला, विदूषकाने टोपी काढून लवून नमस्कार केला, परंतु आवाज नाही. दोरोताबाईंनी पडद्यामागे ओठ घट्ट मिटले होते. परकी बोली बोलावयाची नाही, आणि घरची बोलावी तर बापाच्या बाहुल्या जातात, तेव्हां मुकेच खेळावे ऐसी मसलत त्यांनी मनाशी केली होती, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, हात मात्र चालत होते. विदूषकाने हात पसरिला. त्या जागी काय पुसावयाचे हे सर्वांस ठाऊक. मग पुढल्या रांगेतील एक म्हातारी, जिला मुका खेळ पाहवेना, ती आपल्याशीच पुटपुटली, "महाराज, आपलं राज्य कुठवर?" आणि राजाने मान वर केली, आणि चौकातून शंभर तोंडे एकदम बोलली, "माझी हाक ऐकू जाईल तिथवर!" आणि विदूषकाच्या वतीने मागील लोक ओरडले, "मग महाराज, घसा बसला की कर माफ का?" आणि यावर सर्वांच्या आधी जो हसला तो सुभेदार. त्याची दाई याच मुलुखाची होती, हे तोवर कोणास ठाऊक नव्हते.

हसू दाढीत लपवून सुभेदार उठला, खेळ थांबविला आणि गरजला, "कोण बोललं?" जो तो आपल्या जोड्यांकडे पाहू लागला. तेव्हां त्याने आर्मांस पुढे बोलाविले की, तू परका, तुला कोणाची भीड नाही, बोट दाखव आणि सुखाने आपल्या वाटेस लाग. वाटेस लागणे हा तर आर्मांचा जन्माचा धंदा. त्याने म्हातारीकडे पाहिले, वेशीकडे पाहिले आणि म्हणाला, "सरकार, बाहुल्या बोलल्या. बाहुल्यांनी बोलावं असा आपलाच हुकूम आहे." सुभेदार म्हणाला, "लाकूड कुठं बोलतं?" आर्मां म्हणाला, "मग हुकूम कुणाला केला होता?" चौकात हशा पिकला. सुभेदाराचा चेहरा लाल जाहला. हुकूम खोटा म्हणावा तर बादशहाचा अपमान, सबब बाहुल्याच गुन्हेगार ठरल्या, आणि त्यांस शिपायांच्या पहाऱ्यात नेऊन किल्ल्याच्या तळघरात कोंडिले. आर्मांस सांगितले, आजच मुलूख सोड. तो म्हणाला, "नाही जात." आजवर कोणी निघ म्हणण्यापूर्वीच जो निघत आला, त्याच्या तोंडी हे शब्द ऐकून तो स्वतःच चकित जाहला, आणि वर्षभर बाहुल्यांच्या शेजारच्या कोठडीत राहिला.

दोरोताबाईंनी घरी येऊन पडदा घडी घालून ठेविला आणि सांगितले, माझ्या बाहुल्या सुटतील तेव्हांच मी खेळेन. परंतु लोकांस एकदा चौकात आपला आवाज ऐकण्याची गोडी लागली ती सुटेना. आधी बाजारात भाव घरच्या बोलीत होऊ लागला, मग पंचायतीत भांडण, मग शाळेत पाढे. शिपाई तरी किती तोंडांवर हात ठेवणार! पुढे शके अठराशे चाळीस, कालयुक्त नाम संवत्सरी, बादशहा मोठ्या लढाईत थकला आणि त्याचे तख्त मोडले, आणि मुलुखातील लोकांनी शिड्या लावून कचेऱ्यांवरील बादशाही पाट्या उतरविल्या आणि वेळेवर जेवावयास गेले. दुसरे दिवशी तळघर उघडिले. राजाचा झगा उंदरांनी खाल्लेला, विदूषकाची टोपी मात्र शाबूत. दोरोताबाई आता म्हाताऱ्या, आवाज बसलेला. त्यांनी नव्या दोऱ्या ओविल्या आणि चौकात मंच मांडिला.

पडदा वर गेला, विदूषकाने हात पसरिला, आणि लोक सवयीने ओरडले, "महाराज, आपलं राज्य..."

"गप बसा सगळे!" पडद्यामागून बाई कडाडल्या. "तीस वर्षं तुम्ही बोललात. आता मला बोलू द्या."

बाईंनी विदूषकाचा सवाल आपल्या तोंडाने पुसला, आणि राजाने मान वर केली, आणि बाईंस पुढले वाक्य आठवेना. राजा मान वर करून तसाच उभा. सर्वांस वाक्य पाठ, परंतु हुकूम बाईंचा, कोणाची छाती होईना. तेव्हां मागील रांगेतून एक पिकल्या दाढीचा चितारी, ज्याने त्या मुलुखात पुढे कधी खिडकीतून उतरण्याचे काम केले नाही, तो वेडेवाकडे शब्द जुळवीत हळूच म्हणाला, "माझी हाक... ऐकू जाईल... तिथवर."

"ऐकू आलं, चितारीबुवा," बाई म्हणाल्या. "उच्चार सुधारा. इथंच राहायचंय तुम्हांला."

मग त्यांनी घसा खाकरून तेच वाक्य त्या बसल्या आवाजात म्हटले, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याने देखील ते ऐकिले.

येणेंप्रमाणे बाहुल्यांची हकीकत. राज्य लाकडाने राखिले, माणसांनी बोलून घेतले. ऐकिले तैसे लिहिले. उच्चारात चूक असेल ती वाचणाराने मोठ्याने वाचून सुधारावी.