लहानू रजेवर हाय

सकाळी नऊच्या ठोक्याला फोन वाजला की तो तामोरेकाकांचाच. "बाय, साईट झाडलीस का?"

मी बोईसरजवळच्या सरावलीत घरी बसून लहान कारखान्यांच्या वेबसाईट बनवते, सांभाळते. वेबसाईट झाडावीही लागते, हे मला काकांनी शिकवलं. दिवाळीचं तोरण तुळशीच्या लग्नानंतरही साईटवर दिसलं, की ते मला फैलावर घेत. "शिलं तोरन दारावर ठेवतं का कोन?" कामगाराला नवा चष्मा लागला की त्याच दिवशी फोटो बदलायचा. "गिऱ्हाईक आला नि वलखला नाय तर?" गिऱ्हाईक कारखान्यात कधीच येत नसे. त्यांची सहाही गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं फोनवरच माल मागवत.

काकांचा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पंपाच्या रबरी रिंगांचा कारखाना. रबर साच्यात दाबायच्या दोन प्रेस, पाच माणसं. घराणं मच्छीमारांचं, पण काकांना बोट लागते. "बापाने तीन वेला दर्यात नेला," ते सांगत, "तीनी वेला मीच मासल्यांना जेवन घातला."

पहिल्या भेटीत मी माझा नेहमीचा छापील कागद पुढे केला. पहिला प्रश्न: वेबसाईट कशासाठी हवी? काकांनी सगळा कागद भरला, तेवढी जागा कोरी सोडली.

"नवीन गिऱ्हाईक मिळावं म्हणून?" मी विचारलं.

"नको गो. हायत ते सांभालताना दम लागतो."

"माल ऑनलाइन विकायचा?"

"नाय."

"मग कशाला?"

"पायजे."

हे 'पायजे' माझ्या डोक्यात भुंग्यासारखं बसलं. त्यात त्यांचा हट्ट असा की रिंगांच्या आधी माणसं दिसली पाहिजेत. माणसं पाच, फोटो सहा. सगळ्यांत वर लहानू. दसऱ्याच्या मशीनपूजेच्या फोटोतून कापलेला, अर्धवट डोळे मिटलेला. मी वर्षभरात दहा वेळा तरी कारखान्यात गेले. लहानू एकदाही दिसला नाही.

"रजेवर हाय," काका म्हणत.

शेवटी एकदा मी म्हटलं, "काका, साईटवर खोटं ठेवू नये. तो इथे नसेल तर फोटो काढते."

"हात लावू नको!"

प्रेसवरची माणसं वळून बघायला लागली. काका स्वतःच दचकले. मला कोपऱ्यातल्या प्रेसपाशी घेऊन गेले.

"हिथं बसायचा. बारा वरसं. एक दिस सगला माल वाकडा निघाला. मी त्याला सगल्यांसमोर नको ते बोललो. त्याने हातमोजे काडून ठेवले नि गेला. एक शब्द नाय बोलला. मंग साचा उघडून बघितला. साचा फुटलेला. मला आधीच त्याने सांगितलेला, बदला म्हनून. मीच नाय बदलला."

विक्रमगडकडच्या त्याच्या पाड्यावर ते दोनदा जाऊन आले होते. घर बंद. नवरा-बायको कामाला कुठेतरी गेलेले, फोन लागत नव्हता.

"पोरगी त्याची हुशार. कुठल्याशा आश्रमशालेत कंपुटर शिकते. कदी नेटवर बापाचं नाव टाकून बघितलंन तर…"

कोरी जागा भरली. मी तिथेच बसून लहानूचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव, मराठीत आणि इंग्रजीत, जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या तऱ्हांनी त्याच्या फोटोखाली घातलं. "खाली काय लिहू?"

काकांनी अर्धा तास विचार केला. "लिही. साचा फुटलेला होता. चूक माझी."

दुसऱ्याच आठवड्यात वापीहून गिऱ्हाइकाचा घाबरून फोन आला, "तामोरेजी, कौनसा साचा टूटा? हमारा माल तो ठीक है न?" काकांनी शांतपणे सांगितलं, "आपका ठीक है. वो दुसरा है." ओळ मात्र काढली नाही.

सात-आठ महिने गेले. एका दुपारी मी नवे फोटो काढायला गेले असताना कारखान्याचा फोन वाजला. मशीनच्या आवाजात काकांनी स्पीकर लावला. एका मुलीचा आवाज होता. तिने वडिलांचं नाव सांगितलं. काका खुर्चीतून उठले.

"हाय का तो तिथं?"

"हायत. बोलत नाय," मुलगी म्हणाली. मागे कुजबुज झाली. "इचारतात, साचा बदलला का?"

"बदलला," काका म्हणाले. मग फोन माझ्या हातात देऊन ते कोपऱ्यातल्या प्रेसपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

लहानूला वाट पाठ होती, तरी मुलीने कसं यायचं ते विचारलं. विक्रमगडहून कोणती एसटी, बोईसरला कुठे उतरायचं, तिथून कोणती रिक्षा, हे सगळं मीच त्या मुलीला सांगितलं. तिने एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहून घेतला.