आज काही शिकवले नाही

साळवेबाईंच्या बालवाडीच्या दारावर एक फळा होता. रोज साडेअकराला मुलं सोडताना त्या त्यावर खडूने लिहीत, "आज काही शिकवले नाही." खाली दिवसाचा तपशील. "माती." "पाणी." "भांडण, नंतर पाणी." एकदा नुसतंच "मुंगी" असं होतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. वाघोलीतल्या आमच्या चार इमारतींत अठ्ठ्याऐंशी फ्लॅट, त्यांतल्या एकावन्न घरांत कुणी ना कुणी संगणक कंपनीत. तळमजल्यावरची सोसायटीची खोली आम्ही बाईंना दिली, ती त्या महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवून निवृत्त झालेल्या म्हणून. पाढे, बाराखडी, वळण, एवढीच आमची अपेक्षा. बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या दप्तरांतल्या पेन्सिली काढून एका डब्यात भरल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

"सेक्रेटरी, सांभाळून ठेवा. दोन-तीन वर्षांनी लागतील."

शनिवारी मला सुट्टी असे. मुलांना न्यायला आलेल्या पालकांचं आणि बाईंचं बोलणं मी तेव्हा ऐकत असे.

"मॅडम, आज ॲक्टिव्हिटी काय घेतली?"

"चिखल."

"नाही, म्हणजे आउटकम काय त्याचं?"

"आउटकम पिशवीत घातलंय. घरी गेल्यावर चड्डी धुवा."

माझी मुक्ताही तिथेच होती, चार वर्षांची. मला आकडे लागतात. बाईंना मी स्पष्ट सांगितलं, मुलीची प्रगती कळायला हवी. महिनाअखेरीस चिठ्ठी आली. "मुक्ता. पडली, अकरा वेळा. स्वतःहून उठली, दहा. भांडली, सात. मिटवलं, सहा. सातवं चालू आहे."

"आणि अक्षरं, बाई?"

"अहो, अक्षरं कुठे पळून चाललीत? त्यांना पाय नाहीत. तुमच्या मुलीला आहेत, तिला पळू द्या."

एका शनिवारी खिडकीतून पाहिलं. वाळूत पाच मुलं आणि घमेली तीन. अर्धा तास नुसता आरडाओरडा. बाई भिंतीला टेकून गप्प. शेवटी मुक्तानेच पाळ्या लावल्या, आणि कमी वेळ मिळालेल्याला एक पाळी जास्तीची दिली. भागाकार आणि बाकी म्हणतात ती हीच, हे मला जिना चढताना कळलं. पण कळून मी काय केलं, तर काहीच नाही.

मग नगर रस्त्यावर मोठी इंग्रजी शाळा निघाली. प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती. तिथल्या मॅडमनी मुक्तापुढे सफरचंदाचं कार्ड धरलं.

"व्हॉट इज धिस?"

मुक्ताने कार्ड हातात घेतलं, उलटून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाली, "कागद."

प्रवेश मिळाला नाही. बाईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बरोबर सांगितलं की पोरीने! शंभरपैकी शंभर!"

मला हसू आलं नाही. मी घाबरलो होतो. दुसऱ्याच दिवशी मुक्ताचं नाव काढलं आणि घरी बसवून चित्रांची कार्डं पाठ करून घेतली. पुढच्या फेरीत तिला प्रवेश मिळाला.

सेक्रेटरीनेच मुलगी काढली म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात? सव्वीस मुलांची चौदा झाली, चौदाची पाच. दिवाळीनंतर एकही आलं नाही.

मुक्ता आता चार रेघांत लिहिते. सव्वीस अक्षरं, एकही चुकत नाही. बालवाडीत असताना एका रविवारी मी मोजले होते, तिने दिवसभरात त्रेचाळीस प्रश्न विचारले होते. परवाच्या रविवारी पुन्हा मोजले. चार. त्यांतले दोन, "बाबा, होमवर्क झाला, आता काय करू?"

मुलं यायची थांबली तेव्हा सोसायटीच्या सभेत खोलीचा विषय निघाला होता. लोकांना व्यायामशाळा हवी होती. ठराव मी लिहिला, मीच वाचला आणि हातही वर केला. मुलंच नव्हती, तर खोली कुणासाठी मागायची?

किल्ली आणायला दुपारी गेलो. बाई जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात भातुकली मांडलेली. बोटाएवढी चूल, रुपयाएवढ्या ताटल्या. दोन पानं मांडली होती.

"बाई, मी किल्ली..."

"माहीत आहे. आधी बसा. हे एकटीला खेळता येत नाही हो. जेवायला कुणीतरी यावं लागतं."

मी उभाच होतो. त्या हातातल्या इवल्या पळीकडे पाहत म्हणाल्या, "मी घरात थोरली. कडेवर कायम खरं पोर, चुलीवर खरा भात. भातुकली पहिल्यांदा खेळले ती इथे, या मुलांबरोबर. साठाव्या वर्षी. तुमची मुक्ता मला सून करायची आणि फार जाच करायची."

मी मांडी घालून बसलो. बाईंनी पातेलीतलं नसलेलं वरण ढवळलं, ताटलीत वाढलं आणि वरून तूप सोडलं.

"कसं झालंय?"

मी दोन बोटं ताटलीला लावली, तोंडाशी नेली.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

"खरंच की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिमूटभर मीठ घातलं.

मी आणखी वरण वाढून घेतलं. ताटली स्वच्छ केली. मग किल्ली घेतली.