जुनं काढून ठेव

सासऱ्यांच्या ऑफिसात सर्व्हर सुरू झाला की माणसांनी गप्प बसायचं, अशी पद्धतच पडली होती. इमारतींचे नकाशे काढायचं ऑफिस. सगळे नकाशे त्या सर्व्हरच्या पोटात, आणि त्याचे घोंघावणारे पंखे नेमके सासऱ्यांच्या खुर्चीमागे. जावई तिथे नवा होता. वडिलांचं असंच नकाशांचं ऑफिस तो "इथे शिकण्यासारखं काही उरलं नाही" असं त्यांच्या तोंडावर सांगून सोडून आला होता. तेव्हा इथे काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

"दोष पंख्यांचा नाही, फर्मवेअरचा आहे," तो म्हणाला. "म्हणजे मशीनला जागं करणारा, चिपमधला छोटा प्रोग्राम. तोच पंख्यांना उगाच पळवतो. मी ओपन सोर्सचं फर्मवेअर बसवतो. आतलं सगळं बघता येतं, हवं तसं बदलता येतं."

"तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू," सासरे म्हणाले. जावयाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना अजून सुचलेलं नव्हतं.

जावयाने घरी बसून नवं फर्मवेअर तयार केलं. शनिवारी ऑफिस सुटल्यावर त्याने सर्व्हर उघडून चिपला लॅपटॉपच्या वायरचा चिमटा लावला. चिमटा सारखा निसटत होता. म्हणून तो दोन्ही हातांनी धरून जावई ओणवा उभा राहिला आणि लॅपटॉपवर मेहुण्याला बसवलं. मेहुणा अतिशय आज्ञाधारक होता.

"आधी जुनं काढून ठेव."

"काढलं, भाऊजी."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"शाब्बास. आता नवीन घाल."

नवीन घातलं, बटण दाबलं. पंखा फिरेना, दिवा लागेना, स्क्रीन काळा तो काळाच. पुन्हा सगळं केलं तरी मशीन ढिम्म.

"हरकत नाही, जुनं परत घालू," जावई म्हणाला. "कुठे ठेवलंयस?"

"ठेवलं नाही. काढलं."

"अरे, काढून ठेव म्हणालो ना मी? म्हणजे प्रत काढून ठेव!"

"बूट काढून ठेव म्हटलं तर मी बूट काढतो, भाऊजी. बुटांची प्रत नाही काढत."

व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काढता येत नव्हती.

तेवढ्यात सासरे डोकावले आणि दारातच थबकले. "जावईबापू! आवाज गेला की हो!"

"गेला," जावई म्हणाला. हे खोटं नव्हतं.

सासऱ्यांचे डोळे भरून आले. फोन कानाला लावतच ते बाहेर पडले.

जावयाने कंपनीला फोन केला. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. पलीकडच्या बाईंनी नवीन सर्व्हर घ्यायचा प्रेमळ सल्ला दिला. तस्संच मशीन ओळखीत एकच होतं, वडिलांच्या ऑफिसातलं. दोन्ही व्याह्यांनी ती एकाच दुकानातून, एकमेकांवर नजर ठेवून घेतली होती.

रविवारी सकाळी जावई वडिलांच्या ऑफिसात हजर झाला.

"या! व्याह्यांचा फोन आला होता," वडील म्हणाले. "त्यांच्या मशीनचा आवाज घालवलास म्हणे. माझं इतकी वर्षं कानाशी बोंबलतंय, तेव्हा हात दुखत होते का? आजच्या आज माझंही कर. आणि उद्या मी त्यांच्याकडे जातोय, ती शांतता ऐकायला."

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, आवाज नाही गेला, मशीनच गेलंय," असं म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं.

वडिलांनी स्वतःच स्क्रूड्रायव्हर शोधून आणला. "प्रत काढ. माझं काढू नकोस."

त्याच दुपारी सासऱ्यांच्या सर्व्हरमध्ये जुनं फर्मवेअर परत गेलं. सगळे नकाशे जागच्या जागी मिळाले, आणि पंखेही पहिल्याच जोमाने सुरू झाले.

सोमवारी सासरे आत आले ते पंख्यांचा आवाज ऐकून कानांवर हात ठेवून. त्यांनी काही विचारायच्या आत व्याही दारात उभे. सासऱ्यांचा चेहरा पडला. फोनवर त्यांनी या शांततेचं जरा जास्तच वर्णन केलं होतं. आता बाबा सगळं सांगणार, याबद्दल जावयाला शंका नव्हती.

वडील सर्व्हरला खेटून खुर्चीत बसले आणि डोळे मिटून ऐकू लागले.

"वा!" ते म्हणाले. "काय शांतता आहे!"

"काय म्हणालात?" सासऱ्यांनी विचारलं.

"शांतता!" वडील बेंबीच्या देठापासून ओरडले. "टाचणी पडली तरी ऐकू येईल!"

सासऱ्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे.

"तुमच्याच मुलाचं काम!" तेही घसा ताणून ओरडले.