रुग्णास कळवू नये

संपतरावांना मेसोथेलिओमा नावाचा छातीतला कॅन्सर झाला आहे, ही माहिती भोकरदन तालुक्यातल्या त्यांच्या गावात फक्त एका माणसाला नव्हती. तो माणूस म्हणजे स्वतः संपतराव. ही व्यवस्था नियमाला धरून होती.

तरुणपणी त्यांनी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी सळया काढणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. भट्टीच्या दाराला अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळायचा आणि जुना झाला की हाताने ओरबाडून काढायचा, हे त्यांचं काम. पांढरी धूळ अंगावर बसे, ती झटकून ते डबा खात. कारखान्याने कामगारांच्या काळजीपोटी 'सुरक्षा प्रथम' अशी पाटी लावली होती आणि त्या पाटीवरची धूळही संपतरावच पुसत. पुढे कारखाना बंद पडला, मालक दुसऱ्या धंद्यात गेला, संपतराव गावाकडे शेतीला लागले. धूळ छातीतच राहिली. चाळीस वर्षांनी त्यांना दम लागायला लागला. शहरातल्या इस्पितळात छातीतलं पाणी काढलं, तुकडा तपासला, आणि डॉक्टरांनी महत्त्वाचा प्रश्न विचारला, "नातेवाईक कोण आहे? पेशंटला बाहेर बसवा."

मुलगा कल्याण आत गेला. त्याला सगळं सांगण्यात आलं आणि त्याच्याकडून हमीपत्र घेण्यात आलं : 'सदर आजाराचे स्वरूप व पुढील अंदाज रुग्णास कोणत्याही परिस्थितीत कळू देणार नाही.' बाहेर येऊन तो बापाला म्हणाला, "काही न्हाई आबा, बारीकसं इन्फेक्शन हाय." मग त्याने कोणाला सांगायचं नाही या अटीवर आईला सांगितलं. आईने त्याच अटीवर बहिणीला सांगितलं. अट इतकी कडक होती की शुक्रवारपर्यंत बातमी पिठाच्या गिरणीतून भजनी मंडळात पोचली आणि सोमवारी एसटीचा कंडक्टर संपतरावांना न मागता खिडकीची जागा देऊ लागला. लोक शहाळी घेऊन भेटायला येत, दाराशी डोळे पुसत आणि आत येऊन म्हणत, "लई ठणठणीत दिसून राह्यले!"

संपतरावांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. दोन एकरांत मोसंबी लावावी की सोयाबीन पेरावं? मोसंबीला फळ धरायला पाच वर्षं. सोयाबीन साडेतीन महिन्यांत घरात येतं. रोपवाटिकेवाला होकारासाठी थांबला होता. संपतरावांनी ज्याला त्याला विचारून पाहिलं.

नको म्हणावं तर गुपित फुटतं. म्हणून सगळे म्हणाले, "लावा की बिनधास्त!" सरपंच राजानंद तर म्हणाले, "पहिलं फळ मलाच पाहिजे बरं का," आणि घाईघाईने गोठ्यामागे जाऊन रडून आले. गुपित टिकवण्यासाठी अर्धं गाव कुदळी घेऊन शेतात उतरलं आणि दोन दिवसांत दोनशे खड्डे तयार झाले. बाग फळाला येईल असं मनातून कोणालाच वाटत नव्हतं. तरीही खड्डे मापात होते.

घोळ केला तो फळबाग योजनेच्या कागदाने. तीन वर्षं मिळणाऱ्या या सरकारी अनुदानासाठी लाभार्थी तीन वर्षं हयात असणं अपेक्षित होतं. बातमी तालुक्याच्या कृषी कार्यालयातही पोचलेली होती, म्हणून तिथल्या साहेबांनी प्रस्तावावर शेरा मारला : 'नामंजूर. लाभार्थ्यास कारण कळवू नये.' आणि नियमाप्रमाणे या शेऱ्याची प्रत लाभार्थ्याला टपालाने पाठवली.

संपतरावांनी तो कागद तीनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता इस्पितळ गाठलं.

"मला काय झालं आन् किती दिवस हायत, ते सांगा," ते खिडकीपाशी म्हणाले.

"तुम्ही पेशंटचे कोण?" आतल्या बाईंनी विचारलं.

"मीच पेशंट."

"पेशंटला माहिती देता येत नाही. नातेवाईकाला आणा."

"बाई, माझ्यापेक्षा जवळचा मला कोन हाय?"

बाईंनी यादी पाहिली. पती, पत्नी, मुलगा, भाऊ, इतर. "स्वतः" असा पर्याय नव्हता. "इतर"मध्ये बसवता आलं असतं, पण त्यासाठी शिफारसपत्र लागत होतं.

संपतराव बाहेर गेले. गळ्यातला मफलर पिशवीत टाकला, टोपी घातली, चहा घेतला आणि अर्ध्या तासाने त्याच खिडकीशी येऊन म्हणाले, "मी भागवत. संपतचा धाकटा भाऊ."

"असं आधी नाही का यायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठी फाडून दिली.

डॉक्टरांनी संपतरावांची छाती चार वेळा तपासली होती. तोंड पाहण्याचा प्रसंग आला नव्हता. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी फार नीट समजावलं. आजार अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. बरा होत नाही. ऑपरेशनची वेळ गेलेली आहे. औषधाने काही महिने वाढू शकतात, पाणी काढलं की दम कमी लागेल. "यांच्यासारखे शंभर पेशंट घेतले, तर निम्मे जण वर्ष-सव्वा वर्षात जातात, निम्मे त्याच्या पुढे जगतात, थोडे बरेच पुढे. हा आकडा शंभर जणांचा आहे. तुमचा भाऊ त्यात कुठे बसेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"मोसंबी लावायची म्हनतो तो. पाच वर्षं लागतेत."

डॉक्टरांनी पडद्यावरचा अहवाल खाली सरकवला. "सोयाबीन पेरा म्हणावं."

दोन महिन्यांत संपतरावांशी कोणी बोललेलं हे पहिलं सरळ वाक्य. त्यांना भीती वाटली, पण त्याहून जास्त हलकं वाटलं. डोळे भरून आले.

"धीर धरा," डॉक्टर म्हणाले. "आणि त्यांना सांगू नका, खचतील. इथे सही करा. तुम्हालाही खोकला दिसतोय, एकदा तपासून घ्या."

घरी आल्यावर ते बायकोजवळ, उषाबाईंजवळ, ओसरीवर बसले. "कल्याणची माय, मला समजलं सगळं. वरीस हाय, जास्ती बी आसंल. सोयाबीन पेरू. तुझ्यासंगं बसून बोलायचं हाय मला."

उषाबाईंनी पदर सावरून त्यांच्याकडे तोंड वळवलं. क्षणभर वाटलं, त्या बोलतील. पण मागे कल्याण उभा होता. "काही न्हाई तुम्हाला," त्या म्हणाल्या, "गॅस हाय." आणि आत निघून गेल्या.

"कोनी सांगितलं?" कल्याण ओरडला. "दोन महिने जिवाचं रान केलं आम्ही!"

गावात संताप उसळला. आजारावर इतका कधी उसळला नव्हता. सरपंचांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. इस्पितळातून हमीपत्राची नक्कल आली, तिच्यावर भागवतची सही. भागवत शपथा घेऊन सांगू लागला की मी त्या दिवशी बिलकुल गेल्तो न्हाई. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना, कारण फॉर्मवर शिक्का होता.

"त्याला सोडा," संपतराव म्हणाले. "सही मी केली. मीच गेल्तो."

समितीने आपसात चर्चा केली. राजानंद गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे पेशंटला सांगनार न्हाई, असं तुम्हीच लिहून दिलं?"

"व्हय."

"आन् पेशंटला सांगितलं?"

"अरे, मरून कोन राह्यलंय, मी का समिती?"

"तो विषय आज न्हाई," राजानंद म्हणाले. हमीपत्राचा भंग केल्याबद्दल संपतराव यांना दोषी ठरवण्यात आलं. यापुढे त्यांच्या प्रकृतीची कोणतीही माहिती त्यांना मिळू नये, यासाठी घरच्यांनी दक्षता घ्यावी, असा ठराव एकमताने झाला. उषाबाईंनीही हात वर केला. तो त्यांनी सगळ्यांत शेवटी केला, पण केला. संपतराव त्यांच्याकडे बघत राहिले.

वाचकहो, गावकरी अडाणी म्हणून तुम्ही हसलात. हसा. तुमच्या घरी आतल्या खोलीत जे पडून आहेत, त्यांची फाइल तुम्ही कपाटात साड्यांखाली ठेवली आहे ना? हे पानही तिथेच ठेवा. त्यांना वाचायची सवय आहे.